बरोबर म्हणा, साहेब

कुणाचं वाईट चिंतू नये, ही आमच्या आईची शिकवण. मी मात्र एका माणसाचं वाईट रोज सकाळी चहाचं आधण ठेवताना चिंतत असे. त्याची बदली अशा जागी व्हावी जिथे पंखा नसेल, माठात पाणी नसेल आणि समोर बोलायला माणूस नसेल, एवढं माझं साधं मागणं होतं. चहा उकळून वर येईपर्यंत मी त्याची पेन्शनही बंद करून टाकलेली असायची.

हा माणूस आमचा सोयरा नव्हता की भाऊबंद नव्हता. सांगलीला एका सरकारी इमारतीच्या तळमजल्यावर, नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्यांना सल्ला देण्याची खिडकी होती. तिथे तो बसायचा. त्याने आमच्याकडून पैसा खाल्ला नाही, शिवी दिली नाही, दारातून हाकललं नाही. फक्त एक सल्ला दिला आणि तो चुकीचा निघाला. तेवढ्यावरून मी त्याच्यावर डूख धरला, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. सगळे त्याला साहेब म्हणत. मी ठरवलं होतं, जीभ झडली तरी त्याला साहेब म्हणायचं नाही. माझ्या तोंडी तो कायम खिडकीवाला.

मी पलूसला शिलाईचं दुकान चालवते. ब्लाउज, परकर, साडीला फॉल. माझं माप चुकलं तर बाई कापड माझ्याच टेबलावर आपटते, आणि मी निमूटपणे नवं शिवून देते. चुकीचं माप देऊन वर पंख्याखाली बसून राहायचं, ही सोय आमच्या धंद्यात नाही.

माझी धाकटी बहीण नर्स आहे. आखातातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात तिला नवजात बाळांच्या विभागात नोकरी लागली होती. गावात सगळे म्हणत, पैशासाठी चाललीय. पैसा कुणाला नको असतो? पण तिचा जीव त्या विभागात होता. वीतभर बाळं काचेच्या पेटीत ठेवून जगवतात, ते काम तिला शिकायचं होतं. इथल्या हॉस्पिटलात तिला सलाईनच्या बाटल्या बदलण्यापलीकडे कुणी हात लावू देत नव्हतं. मुलाखत झाली त्या दिवशी ती माझ्या दुकानात येऊन मशीनवर डोकं ठेवून रडली होती, आनंदाने. मी तिला म्हटलं होतं, रडायचं तर बाजूला रड, गिऱ्हाइकाचं कापड हाय.

आमचे आबा पलटणीतून हवालदार म्हणून घरी आलेले. एजंट लोकांवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "एजंट फसवतो, सरकार फसवत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. म्हणून तिकीट काढायच्या आधी ते खास सांगलीला गेले, त्या खिडकीवर. इस्त्रीचा सदरा, पॉलिश केलेले बूट. मी सोबत होते, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

खिडकीवाला चहात बिस्कीट बुडवत होता. ते मोडून कपात पडू नये याकडे त्याचं सगळं लक्ष.

"साहेब, पोरगी नर्स हाय," आबा म्हणाले. "आखातात नोकरीला चाललीया. सरकारची कुठली मंजुरी..."

वाक्य पुरं व्हायच्या आत त्याने दुसऱ्या हाताने पासपोर्ट ओढून घेतला, पानं उलटली आणि परत सरकवला. "शिकलेली आहे. तपासणीची नोंद नाही यावर. मंजुरी लागत नाही. सरळ विमानात बसवा. चला, पुढचा."

"जी साहेब," आबा म्हणाले. त्यांनी टाचा जुळवल्या की काय, असंही मला वाटलं.

आता यातली मेख सांगते, कारण ती मलाही पुढे कळली. कमी शिकलेल्या माणसाच्या पासपोर्टवर एक नोंद असते, की काही ठरावीक देशांत कामाला जाताना त्याने आधी सरकारची मंजुरी घ्यायची. शिकलेल्यांच्या पासपोर्टवर ती नोंद नसते, म्हणून त्यांना मंजुरीही लागत नाही. पण नर्सची गोष्ट निराळी. तिचा पासपोर्ट कसाही असो, त्या देशांत जायचं तर मंजुरी आधी हवीच. हे सामान्य माणसाला ठाऊक नसतं, म्हणून तर सरकारने तिथे खिडकी उघडली आणि आत एक माणूस बसवला. त्याला जे ठाऊक असायला हवं होतं तेवढंच नेमकं ठाऊक नव्हतं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

जीप करून आम्ही मुंबईला गेलो. सकाळचं विमान होतं. धाकटी आत गेली, काचेपलीकडून हात हलवला, आईने डोळ्याला पदर लावला. मग आम्ही बाहेर दशम्या सोडून खायला बसलो. माझा घास तोंडात होता तेव्हा मला ती दिसली. तीच बॅग ढकलत, ज्या दाराने आत गेली त्याच्या शेजारच्या दाराने बाहेर येत होती.

"काय गं, काय इसारलं?" आईने विचारलं.

"परत पाठवलं," ती म्हणाली. "नर्सला मंजुरी लागती म्हणं. ती न्हाई आपल्याकडं."

आबा उठून दारावरच्या पोलिसाकडे गेले. "आवं, आमाला साहेबानं सांगितलंय. सांगलीच्या हापिसात, सरकारी साहेबानं," असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. तो पोलीस पोरसवदा होता, भला होता. तो म्हणाला, "काका, आतल्यांनी नाही म्हटलं की नाही." आबा तरी हटेनात. शेवटी धाकटीनेच त्यांच्या दंडाला धरून त्यांना बाजूला आणलं. पलटणीतल्या माणसाला पोरीने दंडाला धरून आणायचं, हे मी पाहिलं आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात तो बिस्कीट बुडवणारा हात उभा राहिला. सूड हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा मनात उच्चारला.

मंजुरी मिळवायला वेळ लागणार होता. तिथल्या हॉस्पिटलाने थांबायला नकार दिला आणि ती जागा दुसऱ्या कुणाला दिली. धाकटी पुन्हा सलाईनच्या बाटल्यांकडे गेली. गावाने आपलं काम केलं. "इमानतळ बघून आली," असं एक बाई माझ्याच दुकानात, माझ्याच समोर म्हणाली. लग्नात घालायचा तिचा ब्लाउज मी मुद्दाम बोटभर घट्ट शिवला. लग्नात ती जेवायला बसली असेल तेव्हा तिला माझी आठवण आलीच असणार.

पण खरा मार बसला तो आबांना. ते पारावर जायचे बंद झाले. पलटणीतल्या गोष्टी सांगायचे बंद झाले. आम्हा बहिणींना त्या गोष्टी पाठ होत्या, बर्फातली, खेचराची, सगळ्या. लहानपणी आम्ही त्या ऐकून कंटाळायचो. आता घरात त्या नव्हत्या तर जेवणं सुनी सुनी होत होती. धाकटीच्या डोळ्याला डोळा भिडवणंही त्यांनी सोडलं होतं.

मी एकटी सांगलीला गेले. रांगेत उभी राहून खिडकीपाशी आले आणि म्हटलं, "अहो खिडकीवाले, माझ्या बहिणीला तुमच्या सल्ल्याने विमानतळावरून परत यावं लागलं."

त्याने मान वर केली. "कसला सल्ला?"

मी सांगितलं.

"मी असं म्हणणंच शक्य नाही," तो म्हणाला. "नर्सला मंजुरी लागते, हे सगळ्यांना माहीत आहे."

म्हणजे मधल्या काळात याला ते कुठून तरी कळलं होतं आणि आता ते सगळ्यांना माहीत होतं. मी आवाज चढवला. त्याने खिडकीची झडप ओढून घेतली. वरच्या मजल्यावर मोठ्या अधिकारी बाई होत्या, त्यांच्याकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "तोंडी सल्ला आहे हो. त्याने काय सांगितलं, तुम्ही काय ऐकलं, कसं ठरवायचं? लोक अर्धवट ऐकतात." मी ते पाणी न पिता खाली आले. रागावलेल्या माणसाने पाणी प्यायला हवं होतं, उन्हाळा होता. पण मला त्या इमारतीचं काही नको होतं.

जिन्याखाली एक बाक होता. मी त्यावर बसले आणि ती खिडकी बघत राहिले. त्यानंतर सांगलीला दोरे, बटणं, अस्तर आणायला गेले की मी तिथे जाऊन बसायला लागले. काय मिळवत होते, मलाच ठाऊक नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं. एवढं मात्र दिसलं, की तो माणूस दुष्ट नव्हता. त्याला फक्त "मला माहीत नाही" हे म्हणता येत नव्हतं. समोरच्याने तोंड उघडलं की याचं उत्तर तयार. रांग भराभर पुढे सरके, आणि रांग भराभर सरकते म्हणून वरच्या बाई त्याच्यावर खूश. आंधळं दळत होतं.

एकदा रांगेत आमच्या गल्लीतले बांगड्यावाले चाचा दिसले. त्यांचा मुलगा वायरमन, त्याला आखातात काम मिळत होतं. खिडकीपासून ते आले ते हसतच.

"पोरी, काम झालं," ते म्हणाले. "साहेब म्हणाले, फिरायच्या व्हिजावर धाडा. तितं गेल्यावर कामाचा व्हिजा बदलून मिळतो. कशाला आधीची भानगड?"

मी कपाळावर हात मारला. फिरायला म्हणून जाऊन काम करताना सापडला, तर पोरगा तिथल्या तुरुंगात बसला असता. इतकी अक्कल मला तोवर त्या बाकावर बसून आली होती. "चाचा, तिकीट काढलं न्हाई न्हवं?" मी विचारलं. काढलं नव्हतं. मी त्यांना बाकावर बसवून आमची सगळी कथा सांगितली. एकाच गल्लीत राहून त्यांना ती नीट माहीत नव्हती, कारण आबांनी कुणाला सांगू दिली नव्हती.

त्या दिवशी संध्याकाळी चाचा आमच्या घरी आले. मी चुलीपाशी भाकरी थापत होते आणि तोंडाने खिडकीवाल्याचा उद्धार चालू होता. त्याच्या खुर्चीचा पाय मोडावा इथपासून मी सुरुवात केली होती. आई म्हणाली, "गप की गं, भाकरी कडू व्हईल."

तेव्हा आबा बोलले. कितीतरी महिन्यांनी, आपणहून.

"त्येची चूक हाय, पर माजी बी हाय," ते म्हणाले. "मी हुकूम दोहरवला न्हाई."

चाचांना कळलं नाही. आबांनी समजावलं. पलटणीत वरच्याने हुकूम दिला की जवान नुसतं 'जी साहेब' म्हणून पळत नाही. जसा ऐकला तसा हुकूम मोठ्याने परत म्हणून दाखवायचा. वरचा 'ठीक' म्हणाला, की मगच पाय उचलायचा. ऐकणाऱ्याचं चुकलं असेल तर तिथेच कळतं. सांगणाऱ्याचं चुकलं असेल तर स्वतःचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकून तोही दचकतो.

"सगळी नोकरी हेच केलं," आबा म्हणाले. "आन् त्या खिडकीवर इसरलो. वाटलं, शिकलेला साहेब हाय, त्येला उलटं इचारलं तर अपमान वाटंल. पोरीच्या येळंलाच इसरलो गड्या."

त्यांनी धाकटीकडे पाहिलं. ती ताट पुसत होती. "आबा, तुमी मुद्दाम केलं व्हय?" ती म्हणाली आणि ताट पुसतच राहिली. आबांचे डोळे भरले. माझ्या तव्यावरची भाकरी करपली.

आई म्हणते तसं माझं डोकं उलट्या दिशेने चालतं. आबा पश्चात्ताप करत होते आणि मला त्यात हत्यार दिसत होतं. तोंडी सल्ल्याला पुरावा नसतो ना? मग अख्ख्या रांगेने तो मोठ्याने परत म्हणायचा आणि त्याच्याच तोंडून 'बरोबर' म्हणवून घ्यायचं. सगळे साक्षीदार. मी हे बोलून दाखवलं तर चाचांनी मांडीवर थाप मारली. दुसऱ्या दिवशी आबांनी बूट पॉलिशला काढले.

आमच्या आणि कडेगावच्या बाजूला पलटणीतून परत आलेली माणसं काही कमी नाहीत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना आखातात सुरक्षारक्षकाचं काम हवं असतं. आबांनी त्यांना निरोप धाडले. ज्यांना खरंच काही विचारायचं होतं तेच आले, खोटा प्रश्न घेऊन कुणी यायचं नाही असा आबांचा दंडक. सकाळी खिडकी उघडली तेव्हा समोर अशी सरळ रांग होती, की शिपाई आपोआप बाजूला झाला.

पहिले चाचा. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेच उत्तर आलं. मग चाचांनी घसा साफ केला आणि बांगड्या विकतानाच्या आवाजात म्हणाले, "म्हंजे साहेब, तुमी असं म्हणताय, की माज्या पोरानं फिरायच्या व्हिजावर जायाचं, तितं कामाला लागायचं, आन् त्येला कुणी धरणार न्हाई. बरोबर?"

खिडकीवाल्याचा हात थांबला. "धरणार नाही असं कुठे म्हणालो मी?"

"मग धरतील व्हय?"

"अहो, तसं नाही. म्हणजे... बऱ्याच जणांचं होतं."

"बरोबर म्हणा, साहेब, मग मी जातो," चाचा शांतपणे म्हणाले. मागून कुणीतरी "आवाज न्हाई आला" म्हणालं. रांगेत कुणीही हसलं नाही, पलटणीची माणसं. मी मात्र जिन्याखालच्या बाकावर तोंडात पदर कोंबून बसले होते.

खिडकीवाल्याला 'बरोबर' म्हणता येईना. चाचा बाजूला होऊन तिथेच उभे राहिले. पुढच्या माणसाने आपला प्रश्न विचारला, उत्तर परत म्हणून दाखवलं, बरोबर का विचारलं. त्याच्या पुढच्यानेही तेच केलं. एकाला तो 'बरोबर' म्हणाला, आणि त्या एकाचं खरंच बरोबर होतं. बाकीच्यांना तो "थांबा जरा", "बघावं लागेल", "तुम्ही मला असं काय विचारताय" असं म्हणत राहिला. कपाळ पुसून पुसून त्याचा रुमाल ओला झाला होता. बाजूला त्याचा चहा गार पडून त्यावर साय धरली होती. ती साय बघून मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. वर्षभर मी याच्यासाठीच आधण ठेवत होते.

मग आबा पुढे झाले.

"साहेब, पोरगी नर्स हाय. आखातात जायचं म्हणतीया. मंजुरी लागती का?"

त्याने आबांना ओळखलं नाही. मला वाटलं होतं, हे तरी तो आता नीट सांगेल, माझ्याशी तर त्याने "सगळ्यांना माहीत आहे" अशी शेखी मिरवली होती. पण घाबरलेला माणूस जुन्या सवयीला धरतो. "पासपोर्टवर नोंद आहे का?"

"न्हाई. शिकलेली हाय."

"मग नाही लागत."

आबांनी छाती पुढे काढली. तो आवाज मी लहानपणापासून घरात कधी ऐकला नव्हता. अख्खा तळमजला थांबला. "साहेब म्हणतात, की पोरगी नर्स हाय तरी मंजुरी लागत न्हाई! तिनं सरळ इमानात बसायचं! बरोबर म्हणा, साहेब!"

"बरो..." तो म्हणाला, आणि त्याला आबांच्या मागे उभी असलेली धाकटी दिसली. ती रात्रपाळी करून तशीच आली होती, हॉस्पिटलच्या कपड्यात.

"मी गेल्ते साहेब," ती म्हणाली. "तुमी सांगितलं तशी. मला दारातनं परत धाडलं."

ती रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. ती पेशंटच्या नातेवाइकाशी बोलावं तशी, समजुतीने बोलली. खिडकीवाल्याने एकदा आबांकडे पाहिलं, एकदा त्या सरळ रांगेकडे. झडप ओढायला त्याचा हात वर गेला आणि तसाच खाली आला. "मला नक्की माहीत नाही," तो म्हणाला. ते वाक्य त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते.

गलका ऐकून वरच्या बाई खाली आल्या. लोक अर्धवट ऐकतात म्हणणाऱ्या त्या बाईंना त्या दिवशी पुरतं ऐकावं लागलं, एकेकाच्या तोंडून, क्रमाने. त्यानंतर त्यांनीच नियम केला, की खिडकीवर दिलेला सल्ला विचारणाऱ्याने परत म्हणून दाखवायचा आणि आतल्याने 'बरोबर' म्हटल्याशिवाय पुढचा माणूस घ्यायचा नाही. नक्की माहीत नसेल तर तसं सांगायचं, विचारून घ्यायचं आणि पुन्हा बोलवायचं. रांग आता हळू सरकते. तिथे गेलं की दूरवरून 'म्हणजे तुम्ही असं म्हणताय' असं ऐकू येतं, आटपाडीच्या म्हातारीपासून कॉलेजच्या पोरापर्यंत. चाचांचा मुलगा मागाहून कामाच्या व्हिजावर रीतसर गेला.

सगळे मला म्हणाले, बघ, तुझ्यामुळे किती चांगलं झालं. मला डोंबलाचं चांगलं हवं होतं! मला तो माणूस खुर्चीवरून खाली हवा होता. त्याची ना बदली झाली, ना त्याला कुणी घरी बसवलं. तो तिथेच राहिला आणि वर सुधारला. माझं आधण उकळत होतं ते उकळतच राहिलं. धाकटीची नोकरी गेली ती गेलीच होती, आणि त्याला मात्र लोक आता चांगला साहेब म्हणायला लागले होते. सुधारलेल्या माणसाचा सूड कसा घ्यायचा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

पुढे धाकटीला पुन्हा एका हॉस्पिटलाने बोलावलं. याही वेळी बाळांचाच विभाग. तिने मला न सांगता सुट्टी घेतली आणि एकटीच त्या खिडकीवर गेली. मला कळल्यावर मी भांडले.

"तू आली असतीस तर त्येच्या अंगावर धावली असतीस," ती म्हणाली. "मला जायचंय, ताई. तुला भांडायचंय."

तिने सांगितलं, की त्याने तिला ओळखलं. नर्सला मंजुरी लागते एवढं नक्की, पण या हॉस्पिटलासाठी ती कुणामार्फत घ्यायची ते मला माहीत नाही, विचारून सांगतो, असं म्हणाला. पुन्हा बोलावलं. तेव्हा नीट सांगितलं, तिच्याकडून परत म्हणवून घेतलं, बरोबर म्हणाला. मंजुरी आली. निघताना त्याने तिला आपला फोन नंबर दिला होता, विमानात बसलात की कळवा म्हणून. हे ऐकून माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कळवा म्हणे! हा कोण लागून गेला?

या वेळी मुंबईला दशमी कुणी सोडली नाही. आम्ही त्या दाराकडे बघत उभे होतो, ज्यातून ती गेल्या खेपेला बाहेर आली होती. त्यातून माणसं येत, आणि प्रत्येक वेळी आईची बोटं माझ्या मनगटात रुतत. शेवटी फोन आला. मंजुरी बघितली, शिक्का बसला, विमानात जागेवर बसले, आता फोन बंद करायला सांगतायत, असं ती एका दमात म्हणाली. आई मटकन खाली बसली आणि रडायला लागली. आबा आकाशात तिचं विमान शोधायला लागले. तिथे विमानं होती, पण तिचं कुठलं ते आम्हाला काय कळणार.

मग ते माझ्याकडे वळले. "त्या साहेबाला फोन लाव. सांग, इमानात बसली म्हणून."

"मी? त्याला? आबा, काय बी सांगू नका."

"काम झालं की रपोट द्यायचा," आबा म्हणाले. "लाव."

आबांचा हुकूम मी उभ्या जन्मात मोडलेला नाही. धाकटीने जाताना माझ्या फोनात घालून ठेवलेला तो नंबर मी लावला. पलीकडे त्याचा आवाज आला तेव्हा दोन वर्षांचे सगळे शाप माझ्या जिभेच्या टोकावर रांगेत उभे होते.

"पलूसहून बोलतेय. नर्सची बहीण," मी म्हणाले.

मी कोण ते त्याला चांगलं आठवत असणार.

"मंजुरी चालली. शिक्का बसला. विमानात बसली," मी कसंबसं उरकलं आणि फोन ठेवणार होते.

"थांबा, ताई," तो म्हणाला. "म्हणजे तुम्ही असं म्हणताय, की मंजुरी चालली, शिक्का बसला आणि तुमची बहीण विमानात जागेवर बसली. बरोबर?"

आबा माझ्या तोंडाकडे बघत होते, टाचा जुळवून. आई डोळे पुसत वर बघत होती. मी एक शाप उचलून पाहिला, दुसरा उचलून पाहिला. एकही कामाचा निघाला नाही.

"बरोबर, साहेब," मी म्हणाले.